मे महिन्यातले पंचवीस अंश

आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यातही तापमान पंचवीस अंश असतं. म्हणजे विद्यार्थ्यांच्या वहीत असतं. परीक्षा लांबल्या की प्रॅक्टिकलं भर उन्हाळ्यात येतात. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला असतो, खिडक्यांना लावलेले वाळ्याचे पडदे दुपारपर्यंत कोरडे ठणठणीत होतात, काचेची नळीसुद्धा हाताला गरम लागते. तरी वहीमागून वही उघडावी तर वरच्या कोपऱ्यात तेच: तापमान २५ अंश. पुस्तकातले तक्ते पंचवीस अंशांचे आहेत. पंचवीस लिहिलं की उष्णतेमुळे करावी लागणारी दुरुस्ती टळते. उत्तर काय यायला हवं हे मागच्या वर्षीच्या वहीतून ठाऊक असतंच. तिथून उलट येत आकडे बसवायचे. याला आमच्याकडे उलटं गणित म्हणतात. मी विद्यार्थी होतो तेव्हा हेच केलं. आता शिकवतो, आणि या वह्यांवर सही करतो.

याच पंचवीस अंशांनी मी एका माणसाचं नाव घालवलं आणि एका गल्लीला तिचं पाणी कसं आहे ते कळू दिलं नाही. हे लिहायला मला वीसहून जास्त वर्षं लागली. पन्नाशी आली. आता न लिहिण्याला काही कारण उरलं नाही.

आमचं घर दफ्तरातलं. आजोबा दरबारच्या कचेरीत होते. संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा वडील त्याच खुर्चीवर, फक्त नव्या शिक्क्यानिशी, काम करू लागले. राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला. त्यामुळे वडीलही अर्धं वर्ष घरात आणि अर्धं वर्ष पत्रांत असत. मग तेही राज्य मोडलं, मोठं नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. फायलींच्या ट्रकांमागे ग्वाल्हेरचं निम्मं लश्कर शहर भोपाळला चाललंय असं तेव्हा वाटे. निरनिराळ्या राज्यांतल्या नोकरदारांना एका ओळीत बसवण्यासाठी ज्येष्ठतेची यादी तयार होऊ लागली. त्या वर्षी आमच्या माधवगंज मोहल्ल्यात कुणी कुणाला प्रकृती विचारत नसे. यादीत कितवा लागलास, एवढंच विचारत.

त्याच वर्षी मी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो. कायम नव्हतो. ज्यांच्या हाताखाली लागलो त्या सरांनी मलाही शिकवलेलं. भौतिक रसायन शिकवत. अंगाने किरकोळ, उन्हाळ्यातही कोट घालणारे, बोलण्यात हळू. अभिक्रियेचा वेग शिकवताना ते वर्गाला खिडकीबाहेर बघायला लावत आणि विचारत, या झाडाला वाळायला किती दिवस लागले, तुम्ही पाहिलंत का? कुणीच पाहिलेलं नसे.

शनिवारचा शेवटचा तास त्यांनी स्वतः होऊन घेतला होता. अभ्यासक्रमात तो नव्हता. यंत्र गावात आलं की गावाचं काय होतं, हा त्या तासाचा विषय. तुमच्या आजोबांच्या वेळी नव्हतं आणि आता आहे असं काहीही सांगा, म्हणायचे. कुणी नळ सांगे, कुणी वीज, कुणी कारखान्याचा भोंगा. मग ते विचारत की याने कुणाचं ओझं उतरलं आणि ते कुणाच्या डोक्यावर गेलं. निम्मा वर्ग पेंगत असे. एका शनिवारी नाल्याकाठच्या गल्लीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं की रंगाचा कारखाना झाल्यापासून नाला कधी निळा तर कधी तांबडा वाहतो, आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याला चव आली आहे. वर्ग हसला. सर हसले नाहीत. भाषणही केलं नाही. म्हणाले, "मोजू या."

पाण्यात जितके क्षार विरघळलेले, तितकी त्यातून वीज जास्त वाहते. हे मोजायचं साधन आमच्याकडे होतं. प्लॅटिनमचे दोन पत्रे पाण्यात बुडवायचे, कानाला टेलिफोनचा रिसीव्हर लावायचा, आणि तारेवरची कळ सरकवत सरकवत त्यातली गुणगुण कमीत कमी होईल ती जागा शोधायची. त्या जागेचा आकडा, आणि शेजारी तापमान. तापमान एका अंशाने वाढलं तरी आकडा वर सरकतो, म्हणून ते लिहायलाच हवं. सरांनी जाड पुठ्ठ्याची एक वही केली आणि माझ्या हातात दिली. दर पंधरा दिवसांनी विहिरीचं पाणी आणायचं, त्याच दिवशी मोजायचं. नियम एकच सांगितला. खोलीत जे तापमान असेल ते लिहायचं. पुस्तकातलं पुस्तकात आहेच.

सप्टेंबरपासून मी जाऊ लागलो. विहिरीसमोरच एक काकू राहत. त्यांचे यजमान संस्थानच्या फौजेत होते. विलीनीकरणात पलटण मोडली, ते घरी बसले आणि घरी बसूनच वारले. मुलगा त्या रंगाच्याच कारखान्यात लागला होता. त्याचे हात मनगटापर्यंत निळे असत, आणि काकू त्याला वेगळ्या ताटात वाढत. निळं लागतं म्हणत. मला त्या पहिल्या दिवशी वीजमंडळाचा माणूस समजल्या. नंतर ओळख झाली.

"तू हे पाणी नेऊन पाजतोस कुणाला रे?" एकदा त्यांनी विचारलं.

"यंत्राला, काकू."

"मग त्याला जुलाब झाले की सांग हो आम्हाला."

यंत्राला जुलाब होत होते. सप्टेंबर ते फेब्रुवारी मी बारा वेळा पाणी आणलं, आणि उष्णतेची दुरुस्ती करूनही आकडा हळूहळू चढतच होता. त्या बारा नोंदी खऱ्या आहेत. तापमान बत्तीसवरून उतरत जानेवारीत चौदावर आलेलं, मग पुन्हा चढू लागलेलं. ती पानं आजही पाहिली तर त्या त्या दिवसाची हवा आठवते.

फेब्रुवारीत सर स्वतः गल्लीत गेले. मी बरोबर होतो. विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहून त्यांनी बायकांना, म्हाताऱ्यांना सगळ्यांना समजावलं की पाण्यात काहीतरी उतरतं आहे, नक्की किती आणि काय ते उन्हाळ्यात कळेल. तोवर धुण्याभांड्याला वापरा, पण पिऊ नका. पिण्याचं पुढच्या चौकातल्या नळावरून आणा. चौक लांब होता. एकीने विचारलं की असं कुठवर? सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा बाटल्या भरायला येतोय तोवर."

मार्चमध्ये मी जायचा थांबलो.

कारण फार मोठं नव्हतं. मोठं असतं तर बरं झालं असतं. अशी वदंता उठली की जुन्या राज्यातल्या सेवेचा दाखला ज्यांच्याजवळ नाही, त्या कच्च्या नोकरांची नावं यादीत येणार नाहीत. तो दाखला ज्या कारकुनाच्या हातात, तो कधी ग्वाल्हेरला असे, कधी भोपाळला. मी रोज सकाळी जुन्या सचिवालयाच्या व्हरांड्यात उभा राही. दुपारी कॉलेजात तास. पंधरवडा उलटला, पाणी आणायचं राहिलं. उद्या आणू म्हटलं. मग दुसरा पंधरवडा आला. एका संध्याकाळी वही उघडली, आलेखावर पट्टी ठेवली आणि आधीच्या बारा ठिपक्यांची चढती रेघ पुढे वाढवली. त्या रेघेवरून आकडे उतरवले. उलटं गणित मला येत होतंच. मार्चच्या दोन, एप्रिलच्या दोन आणि मेची एक, अशा पाच नोंदी मी विहिरीवर न जाता केल्या. तापमानाच्या रकान्यात पाचही वेळा पंचवीस लिहिलं. विचार करून लिहिलं नाही. हाताने लिहिलं. ज्याचा जन्म ग्वाल्हेरचा, जो उन्हाळ्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन सायकल चालवत कॉलेजात येतो, त्याने मे महिन्यात पंचवीस लिहिलं.

मनाला मी असं समजावलं होतं की पाणी बिघडतंच आहे, मीही ते बिघडलेलंच दाखवलं आहे. यात खोटं काय?

सर त्या दिवसांत नव्या विद्यापीठाच्या परीक्षांसाठी बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांनी अहवाल लिहिला. अहवालात सगळे आकडे दुरुस्त करून पंचवीस अंशांवर आणलेलेच द्यायचे असतात, म्हणून त्यांनी वहीतला फक्त शेवटचा रकाना उतरवून घेतला. मधला, तापमानाचा, पाहिला नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. विहीर बंद करावी, गल्लीला नळ द्यावा आणि कारखान्याला पाणी कुठे सोडता ते विचारावं, एवढं लिहून त्यांनी तो नगरपालिकेला आणि भोपाळला पाठवला.

मे संपायच्या आत भोपाळहून एक साहेब आले. कॉलेजला सुट्टी होती. सरांनी प्रयोगशाळा उघडवली, पडदे भिजवून घेतले. साहेब घामाने निथळत होते. मी सरबताचे पेले घेऊन आत आलो तेव्हा त्यांच्यापुढे वही उघडी होती आणि ते रुमालाने मान पुसत पानावर बोट फिरवत होते. बोट मधल्या रकान्यावर थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. त्रेचाळीस.

"प्रोफेसर साहब," ते शांतपणे म्हणाले, "आपकी ये लैब गर्मियों में शिमला चली जाती है क्या?"

सर आधी हसले. त्यांना वाटलं उकाड्याबद्दल बोलताहेत. मग वाकून त्यांनी पान पाहिलं. मागचं पान उलटलं, पुन्हा पुढचं. पाच पंचवीस एकाखाली एक. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जे गणित सुटायला हवं होतं आणि सुटलं नाही, त्याच्याकडे पाहावं तसं पाहिलं.

माझ्या हातात तबक होतं. मी ते धरून उभा राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. त्या वेळी मी विचार कशाचा केला असेल? दाखल्याचा. तो दाखला त्या आठवड्यात मिळायचा होता.

"कॉपी मेरी है," वहीवर हात ठेवून सर म्हणाले. "जो लिखा है, मेरी ज़िम्मेदारी है."

मग त्यांनी विनवलं की आत्ता पाणी आणवतो, तुमच्यासमोर मोजू. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एका दिवसाच्या पाण्यावरून काय सिद्ध होणार, म्हणाले, आणि बाकीच्या नोंदी तरी खऱ्या कशावरून धरायच्या? हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पाच खोट्यांनी बाराही खोट्या ठरवल्या होत्या. साहेबांनी सरबत घेतलं, पेला माझ्या तबकात ठेवला आणि गेले.

ते गेल्यावर सरांनी वही मिटून मला परत दिली आणि पडदे काढून ठेवायला सांगितलं.

यादी लागली तेव्हा सरांचं नाव त्यांच्याहून नवख्या लोकांच्या खाली होतं. कारण कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये काही दिवस 'शिमला' हा विनोद चालला. जुलैत त्यांची बदली झाली, नव्या राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, जिथल्या कॉलेजात भौतिक रसायन शिकवायला वर्गच नव्हता. माझं नाव यादीत आलं. त्यांचे तास माझ्याकडे आले. शनिवारचा तास मी घेतला नाही.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी काकूंचा मुलगा कॉलेजात आला. निळे हात खिशात घालून दाराशी उभा राहिला. आई चार महिने आजारी आहे, म्हणाला. अन्न टिकत नाही, तोंडात फोड येतात, पाय सुजतात. दवाखान्यातले डॉक्टर विचारताहेत की पाणी कसलं पिता आणि ते कधीपासून बिघडलं.

"मास्तर, एक चिठ्ठी द्या. मार्चपासून पाणी कसं होतं, बस एवढंच लिहा. डॉक्टरांना दाखवतो."

"पण तुम्ही तर नळाचं पीत होतात," मी म्हणालो.

"फेब्रुवारीत पीत होतो. मग तुम्ही यायचे बंद झालात ना. आईच म्हणाली, कॉलेजचा मुलगा येत नाही, म्हणजे पाणी सुधरलं. गल्लीतले सगळेच मग विहिरीवर आले. बुजुर्ग मास्तरांनी तसंच सांगितलं होतं ना? तुम्ही येताय तोवर."

मी त्याला सांगितलं की त्या नोंदी भोपाळने मान्य केलेल्या नाहीत, त्यामुळे चिठ्ठी देता येणार नाही. शब्दन् शब्द खरा होता. तो एक पाऊल आत आला.

"मान्य नसू देत. तुम्ही मोजलं तर होतंत ना? मला नुसतं तोंडी सांगा."

मी म्हणालो, सगळे कागद भोपाळला आहेत. वही माझ्या मागच्या कपाटात होती.

काकू दिवाळीच्या आधी गेल्या. पाण्यानेच गेल्या असं कुणी म्हणू शकत नाही. पाण्याने गेल्या नाहीत असंही कुणी म्हणू शकत नाही. म्हणायला आकडे लागतात. जो ते म्हणू शकला असता, तो त्या दिवसांत दाखल्यासाठी व्हरांड्यात उभा होता. त्या गल्लीत आणखी कोण आजारी पडलं ते मी विचारलं नाही. काही वर्षांनी नळ आला आणि विहिरीवर फरशी टाकली. नाला अजून रंग बदलतो.

मधली वर्षं मी शिकवत होतो. बरा शिकवतो असं म्हणतात. एका वर्षी मनाशी ठरवून सगळ्या वर्गाला खोलीतलं खरं तापमान लिहायला लावलं. उत्तरं तक्त्याशी जुळली नाहीत, बाहेरून आलेल्या परीक्षकाने गुण कापले आणि एक मुलगी माझ्या टेबलापाशी रडत उभी राहिली. सर, बाकी सब कॉलेज में तो पच्चीस ही लिखते हैं, म्हणाली. पुढच्या वर्षीपासून मी पुन्हा सही करू लागलो.

गेल्या हिवाळ्यात सरांकडे गेलो. निवृत्त होऊन ते त्या टोकाच्या गावातच राहिले आहेत, हे कुणाकडून तरी कळलं होतं. दोन गाड्या बदलून पोचलो. दार त्यांनीच उघडलं. कोट तसाच, आतला माणूस अर्धा झालेला. मला ओळखायला वेळ लागला नाही. वाटेत पाठ केलेलं सगळं मी उंबऱ्यातच बोलून टाकलं. पाच नोंदी, पट्टी, रेघ, दाखला. 

"ते मला त्याच दिवशी कळलं," सर म्हणाले. "अक्षर तुझंच होतं."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"वही माझी होती ना. मधला रकाना मी पाहिला नाही." मग खुर्ची दाखवत म्हणाले, "कोरं सोडलं असतंस तरी चाललं असतं रे. बारा पुरे होत्या."

हे मला कधीच सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी खुर्चीवर बसलो. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज तासाला असे तसा झाला.

"बरं, मला एक सांग. त्या अडीच महिन्यांत तू एकदा तरी विहिरीवर गेला होतास का? एखादी बाटली? कुठे चिठोऱ्यावर एखादा आकडा?"

वीस वर्षं हा माणूस एका खऱ्या आकड्याची वाट पाहत होता. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, नीट आठव. मी पुन्हा नाही म्हणालो.

"मग ते गेलं," सर म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

गल्लीचं मी त्यांना सांगितलं नाही. लोक पुन्हा ते पाणी पिऊ लागले, का पिऊ लागले, काकूंचं काय झालं, यातलं काहीच नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांच्याच वाक्याने ते घडलं हे त्यांच्यासमोर माझ्याने बोलवेना. चहा पिऊन मी निघालो. परतीच्या गाडीत कळलं की ज्याला ते पाच आकडे आधीच ठाऊक होते त्याच्यापुढे मी कबुली देऊन आलो आहे. काकूंचा मुलगा अजून त्याच घरात राहतो. कारखाना त्याने सोडला. हातांचा निळा मात्र नखांच्या मुळाशी राहिला आहे. रस्त्यात दिसला की मला मास्तर म्हणून नमस्कार करतो. कॉलेजातून घरी यायला त्याच्या दारावरून सरळ वाट आहे. मी खासगी बाजार नावाच्या पेठेकडून वळसा घालून येतो. सरांकडून परतल्यालाही आता वर्ष होत आलं, आणि आज संध्याकाळीही मी त्याच वळशाने घरी आलो.